भंगारातला रंधा

ते यंत्र मी प्रथम पाहिले तेव्हा त्याच्यावर एक शेळी निवांतपणे उभी होती. स्थळ ग्वाल्हेरच्या हजिरा भागातील एका भंगारवाल्याचे आवार, आणि काळ २०१८ सालचा फेब्रुवारी महिना. मी गेलो होतो जुन्या पद्धतीची एक कडी आणि कोयंडा शोधायला. शेळीच्या पायांखाली दोन लांबट बिडाची टेबले, त्यांच्यामधल्या फटीत गंजलेला एक चौकोनी रूळ आणि खाली नक्षीदार, भक्कम पाय, असा तो ऐवज होता. बाजूच्या बिडावर ओतीव अक्षरांची एक ओळ होती. पैकी बरीच अक्षरे झिजून गेली होती. मी नखाने रंग खरवडला तेव्हा शेवटचे ‘फॅक्स’ एवढेच वाचता आले. रात्री मुलाला दूरध्वनीवर हे सांगितले तर तो हसत म्हणाला, “बाबा, एवढं मोठं फॅक्सचं मशीन तुम्ही करणार काय?”

ते हॅलिफॅक्स होते. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातले हे गाव एकेकाळी लाकूडकामाच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होते. आणि ते यंत्र म्हणजे लाकडाचा पृष्ठभाग सपाट करणारा यांत्रिक रंधा होता. सुतार हातातला रंधा लाकडावरून फिरवतो. येथे रंध्याचे पाते जागच्या जागी गरगर फिरते आणि लाकूड त्याच्यावरून पुढे सरकवायचे असते. फरक एवढाच, पण या एवढ्याशा फरकाने मला पुढे दीड वर्ष गुंतवून ठेवले. त्याचीच ही हकीकत आहे.

यंत्राची गरज मला का पडावी, हे सांगायचे तर आमच्या वाड्यापासून आरंभ करावा लागेल. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. चिटणिसांची गोठ, महाडिकांची गोठ, फाळके बाजार, पाटणकर बाजार ही नावे आजही त्या इतिहासाची साक्ष देतात. अशाच एका गोठीत आमचा वाडा. पाच पिढ्या नांदलेला, चार शाखांत विभागलेला, आणि त्यांपैकी तीन शाखा पुणे, इंदूर नि बडोदे येथे जाऊन स्थायिक झालेला. २०१६ च्या पावसाळ्यात मागच्या सोप्याचे छत खचले. पुढल्या वर्षी चुलत भावंडांची बैठक बसून तो भाग उतरवून टाकावा असे ठरले. त्या छतातून सात सागवानी तुळया निघाल्या. ठेकेदाराने त्यांची किंमत सांगितली, पुण्याचे आमचे दादा, सर्वांत वडील, म्हणाले, “घेऊन टाक पैसे आणि मोकळा हो. त्या लाकडांचं आता कोण काय करणार?”

सातांपैकी एका तुळईला लोखंडी कडी होती. ती पाळण्याची कडी. दादा त्या कडीखाली झोपले होते, मी झोपलो होतो, आमची मुलेही झोपली. मी म्हणालो, “तुळया माझ्या वाट्यात धरा. या पाळण्याच्या तुळईचा एकेक चौरंग करून चारी घरी पोचवीन.” बोलून तर गेलो. महालेखापालांच्या कार्यालयात चौतीस वर्षे आकडे जुळवण्यात गेलेला माणूस. वडिलांच्या हत्यारपेटीतला रंधा, करवत आणि पटाशी एवढीच माझी सुतारकी. त्यावेळी वय बासष्ट होते. चार दिवस रंधा मारला आणि खांद्याने रजा मागितली. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सूक्ष्म खडे असतात, त्यामुळे ते पात्याची धार फार लवकर मारते. त्यातून ते सव्वाशे वर्षे वाळून हाडासारखे झालेले. दर दहा मिनिटांनी धार लावायची आणि कागदाएवढे सालपट काढायचे, या गतीने चार चौरंग माझ्या नातवाच्या मुंजीपर्यंतही झाले नसते. म्हणून शेळीला बाजूला करून मी त्या यंत्राची किंमत विचारली.

भंगारवाल्याने यंत्राकडे पाहिलेही नाही. त्याने काट्याकडे पाहिले. ३४० किलो भरले, ३२ रुपये किलो, एकूण १०,८८० रुपये. ज्या वस्तूच्या एकेका पृष्ठभागासाठी कोणी कारागिराने आठवडे घालवले असतील, ती रद्दीसारखी तोलून घेताना मला संकोच वाटला. पण हिशेब सरळ होता आणि हिशेबाला मी नाही म्हणत नाही. हे यंत्र कुठल्या कारखान्यातून आले, ते त्याला ठाऊक नव्हते. ग्वाल्हेरात अशी यंत्रे असणे मात्र नवलाचे नाही. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, येथे दोन फूट रुंदीच्या लोहमार्गाची ग्वाल्हेर लाइट रेल्वे सुरू झाली. श्योपूरपर्यंत जाणारी ती चिमुकली गाडी २०२० साली कायमची थांबली. १९२१ साली बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली आणि नव्वदीच्या दशकात तिचा भोंगा बंद झाला. कापडगिरणी म्हटली की आपण मागांचा विचार करतो. परंतु जिथे यंत्रे असतात तिथे त्यांचे सुटे भाग ओतण्यासाठी आधी लाकडाचे नमुने कोरावे लागतात आणि दारे, पेट्या, डबे दुरुस्त करावे लागतात. प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या पोटात एक सुतारखाना असे. कारखाने गेले, सुतारखान्यांची यंत्रे काट्यावर चढली, आणि ती चालवणारी माणसे शहराच्या गल्ल्यांत विरून गेली.

यंत्र वाड्यात आणणे हा स्वतंत्र प्रसंग होता. हातठेला गोठीच्या तोंडाशी अडला. तिथून नळाचे तुकडे जमिनीवर आडवे मांडून, मागचा तुकडा काढून पुढे ठेवीत, सहा माणसांनी ते दिंडी दरवाजातून आत ढकलले. उंबरठ्यावर फळ्यांचा उतार केला होता. सौभाग्यवती ओसरीत उभ्या होत्या. त्यांनी हळदीकुंकवाची कुयरी आणली नाही हे खरे, पण “पागेत ठेवा, माझ्या तुळशीला धक्का लावू नका” एवढे बोलून संमती दिली. पूर्वी जिथे घोडी बांधीत ती पागा माझा कारखाना झाली.

प्रथम मी यंत्र सुटे केले. प्रत्येक बोल्ट काढला की तो एका पुडीत, पुडीवर क्रमांक आणि त्याच क्रमांकाची नोंद वहीत. कार्यालयाची सवय इथे उपयोगी पडली. न हलणाऱ्या बोल्टांना रॉकेल पाजून दोन-दोन दिवस तसेच ठेवले. घाई करून पान्याला नळी लावली की जुने बीड काचेसारखे तडकते, आणि तडकलेले बीड सांधणे फार अवघड. जुन्या रंगात शिशाचा अंश असण्याची भीती, म्हणून तो कोरडा न घासता ओला करून, नाकाला फडके बांधून खरवडला. लहान भागांचा गंज काढण्यासाठी विजेचा उपाय केला, तो ज्यांना करावयाचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि त्यात धुण्याचा सोडा, बादलीला साधारण मूठभर. मोटारीची बॅटरी भारित करणाऱ्या यंत्राचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी सळईला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. एका रात्रीत गंज सुटून काळा गाळ होतो आणि तो ब्रशाने निघतो. मूळ लोखंड झिजत नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. बुडबुड्यांतून जो वायू निघतो तो ज्वालाग्राही असतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते.

गंज निघाला तसे यंत्र बोलू लागले. टेबलांच्या कडा किती नेटक्या होत्या, पायांवर वेलबुट्टी नव्हे पण कमानीची एक डौलदार रेषा होती, रुळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या धातूची बेअरिंगे होती आणि ती पार झिजून गेली होती. हा पांढरा धातू म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि थोडे तांबे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली याचे पेटंट घेतले, म्हणून त्याला बॅबिट म्हणतात. धातू मऊ असल्याने बारीक कण त्यात रुतून बसतात आणि पोलादी आसावर ओरखडा उठत नाही. झिजते ते बेअरिंग, वाचतो तो आस. आणि झिजले की वितळवून नव्याने ओतायचे. नव्याने ओतायचे, पण कोणी? लोहिया बाजारात चार दुकानांत विचारले. एका दुकानदाराने घासमंडीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सांगितले. लोक त्यांना उस्ताद म्हणत. आमच्या ग्वाल्हेरात उस्ताद म्हटले की गवई आठवतो, नाहीतर सरोदिया. हे मात्र लाकडाचे उस्ताद होते. वय अठ्ठ्याहत्तर, एका गिरणीच्या सुतारखान्यात तीस वर्षे काढलेली.

ते आले, पागेत शिरले, चष्मा पुसला आणि यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली. टेबलावर हात फिरवला. मग त्यांची नजर मधल्या रुळावर गेली आणि ते थांबले. म्हणाले, “बाबूजी, यह ब्लाक चौकोर है.” मी मोठ्या उत्साहाने सांगितले की होय, मूळचाच आहे, आणि मला सारे यंत्र मूळचे होते तसेच करायचे आहे, एक खिळाही बदलायचा नाही. त्यावर ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत देतो: “मशीन पूजने के लिए लाए हैं कि चलाने के लिए? पूजना हो तो फूल चढ़ा दीजिए. चलाना हो तो यह ब्लाक निकालिए. इसके रहते मैं हाथ नहीं लगाऊँगा.” एवढे बोलून ते निघून गेले. सौभाग्यवतींनी आणलेला चहा तसाच राहिला.

मला राग आला. शंभर वर्षांची वस्तू जशीच्या तशी जपावी, या भावनेत वावगे काय होते? आम्ही ग्वाल्हेरकर मंडळी जुने जपण्यातच आपले मोठेपण मानतो. वाडा पडतो, पण वाड्याच्या दरवाजावरची पितळी फुले आम्ही काढू देत नाही. आठ दिवस मी त्या रागात घालवले. नवव्या दिवशी, यंत्राला पट्टा नाही, वीज नाही, अशा स्थितीत मी रूळ हाताने फिरवून सपाट बाजू वर आणली आणि दोन टेबलांमधल्या फटीवर हात ठेवला. करंगळीशेजारचे बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेले. रूळ थोडा फिरवला तसा त्याचा कोपरा वर आला आणि बोट जिथे होते तिथेच पाते येऊन टेकले.

तेव्हा मला उस्तादांचा डावा हात आठवला. आल्यापासून जाईपर्यंत तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. फक्त टेबलावरून हात फिरवताना क्षणभर बाहेर आला होता, आणि त्याची तर्जनी नि मधले बोट नव्हते, हे मी पाहिले होते. पाहिले होते, पण त्याचा विचार केला नव्हता.

मग मी वाचू लागलो. लाकूड रंधणाऱ्या यंत्राची कल्पना जुनी आहे; सॅम्युअल बेंथम या इंग्रजाने १७९१ आणि १७९३ साली अशा यंत्रांची पेटंटे घेतली होती. पाती बसवायला चार सपाट बाजूंचा चौकोनी रूळ सोपा, म्हणून तोच रूढ झाला. परंतु त्याच्या सपाट बाजूंमुळे टेबलाच्या कडेशी मोठी पोकळी राहते. लाकूड सटकले की हात त्या पोकळीत ओढला जातो, आणि मिनिटाला हजारो वेळा येणारा कोपरा पेरेच्या पेरे घेऊन जातो. गोल रुळात पोकळी जवळजवळ नसतेच. पाते पृष्ठभागापासून जेमतेम एक मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे दैव फिरलेच तरी जखम कातडीपुरती राहण्याचा संभव असतो. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंध्यावर चौकोनी रूळ वापरण्यास बंदी केली. आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांतही अशा यंत्राला गोल रूळच हवा असे स्पष्ट लिहिले आहे. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर “नियमाचे पालन झालेले नाही” असा शेरा मारणारा मी. माझ्याच पागेत नियम मोडण्याचा घाट घालून वर त्याला परंपरेचे नाव देत होतो.

मी घासमंडीत गेलो. उस्ताद ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, “उस्ताद, ब्लाक काढून ठेवला.” ते म्हणाले, “तो चलिए, उस दिन की चाय बाक़ी है.” चहा पितापिता त्यांनी आपण होऊन सांगितले. १९७१ साल होते, दिवाळीच्या आधीचे दिवस, कामाची घाई. एक वीतभर लांबीची फळी होती. एवढा लहान तुकडा यंत्रावर घ्यायचा नसतो हे त्यांनाच ठाऊक होते, तेच नव्या मुलांना तसे बजावीत. फळी उडाली आणि हात खाली गेला. “दर्द बाद में हुआ,” ते म्हणाले, “पहले तो मैं फट्टी ढूँढ़ रहा था.” कोणालाही त्यांनी दोष दिला नाही. गोल रूळ त्या काळी मिळत होता. तो मागवण्याचा कागद वर गेला होता आणि वरच राहिला होता, एवढेच म्हणाले. कागद वर राहणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पंजाबातील बटाला हे गाव यंत्रांसाठी ख्यात आहे. तिथल्या एका कारखान्याला मोजमापांचे रेखाटन पाठवून दोन पात्यांचा गोल पोलादी रूळ करवून घेतला. त्याला चौदा हजार रुपये पडले, म्हणजे यंत्रापेक्षा त्याच्या हृदयाची किंमत अधिक झाली. रूळ आल्यावर उस्तादांनी पहिली आज्ञा केली ती पाती तोलून आणण्याची. समोरासमोरच्या पात्यांचे वजन सारखे नसेल तर वेगात रूळ थरथरतो आणि बेअरिंगे खाऊन टाकतो. इतका बारीक काटा कुठे मिळणार? मी सराफ्यात गेलो. आमच्या घराण्याचे दागिने जिथे पिढ्यान्पिढ्या तोलले गेले त्या पेढीवर मी दोन लोखंडी पाती ठेवली. एक पाते दुसऱ्याहून दोन ग्रॅमने जड निघाले. त्याची पाठ दगडावर थोडी थोडी घासून पुन्हा तोलायचे, असे तीनदा केले. तिसऱ्यांदा काटा स्थिर राहिला तेव्हा पेढीवरचे गृहस्थ म्हणाले, “काका, आता नथ केव्हा करताय?”

बॅबिट ओतण्याचा दिवस मे महिन्यातला होता. ग्वाल्हेरच्या उन्हाने निम्मे काम आधीच केले होते. ओतण्याच्या जागी पाण्याचा थेंबही असता कामा नये, नाहीतर वितळलेला धातू स्फोटासारखा उसळतो. उस्तादांनी बेअरिंगची बिडाची बैठक आधी तापवून घेतली. रुळाचा आस रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळीने काळा केला, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. कडांना माती आणि सुतळी लावून बांध घातला, बांधही तापवून कोरडा केला. धातू पुरेसा तापला की नाही हे पाहायला त्यांनी चिडाची एक काडी त्यात बुडवली. काडी नुसती तांबूस झाली तर थांबायचे. करपली की ओतायचे. पेटली तर फार झाले, निवू द्यायचे. काडी करपली. एका दमात, हात न थांबवता, त्यांनी पळी रिकामी केली. उजव्या हाताने पळी, आणि डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी तिचा दांडा खालून सावरलेला. तो हात मुळीच कापत नव्हता.

त्यानंतर खरवडण्याचे काम. आसाला शेंदूर आणि तेल यांचा पातळ लेप द्यायचा, तो बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा आणि जिथे शेंदूर उमटेल तो उंचवटा पातळ हत्याराने खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवड. शेंदराचे ठिपके सर्वत्र सारखे उमटू लागले की आस बसला. टेबलाचेही तसेच, सरळ पट्टीला शेंदूर लावून पलीकडचे टेबल अकरा दिवस खरवडले. सौभाग्यवती म्हणाल्या, “मारुतीला सुद्धा एवढा शेंदूर लागत नाही.” जुना शेंदूर शिशाचा असतो, म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने धुण्याचा त्यांनी आम्हां दोघांना दंडक घालून दिला आणि उस्तादांनी तो लहान मुलासारखा पाळला.

वेगाचा हिशेब माझा होता. एक जुनी दोन अश्वशक्तीची विजेची मोटार मिळाली, मिनिटाला १४४० फेरे घेणारी. तिच्यावर सहा इंची कप्पी, रुळावर सव्वादोन इंची. १४४० ला सहाने गुणून सव्वादोनने भागले की ३८४०. पाती दोन, म्हणजे मिनिटाला ७६८० घाव. लाकूड मिनिटाला पाच मीटर सरकवले तर दर घावाला पाऊण मिलिमीटरहूनही कमी लाकूड निघते, आणि पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो. पट्टा आणि कप्प्या जाळीने झाकल्या. रुळावर सरकता लाकडी झाकणपूल बसवला. लाकूड ढकलण्यासाठी मूठ असलेल्या दोन ढकलण्या केल्या. हातभर लांबीपेक्षा आखूड तुकडा यंत्रावर घ्यायचा नाही, असे उस्तादांनी खडूने भिंतीवर हिंदीत लिहिले. ते अक्षर मी पुढे रंगाने गिरवून घेतले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाळण्याची तुळई चिरून आणली. चुंबक फिरवून, टोकदार सळई टोचून मी सारे खिळे काढले होते, असा माझा समज होता. पहिली फळी मी यंत्राशी नेली तेव्हा उस्तादांनी हात आडवा धरला. फळीच्या एका जागी नखाएवढा काळा डाग होता. लोखंडाच्या सहवासात सागवान काळे पडते. डाग आहे म्हणजे आत लोखंड आहे. पटाशीने कोरले तर पाळण्याच्या कडीची मोडलेली जीभ दोन इंच खोल रुतून बसलेली निघाली. तिच्यावर पाते आदळते तर काय झाले असते, याची चर्चा आम्ही केली नाही. ती काढल्यावर उस्तादांनी मला मागे उभे केले आणि पहिली फळी स्वतः सरकवली. सालपटांचा झोत उडाला आणि पागेत एकदम सागाचा वास पसरला; सव्वाशे वर्षे छतात कोंडलेला वास इतका ताजा असेल असे वाटले नव्हते.

चौरंग झाले. इंदूरचा गणपतीत गेला, बडोद्याचा दसऱ्यापूर्वी. कडीचे भोक ज्या फळीत होते तो चौरंग, थोड्या खट्याळपणे का होईना, मी पुण्याच्या दादांना पाठवला. आठ दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. “चौरंग छान झालाय रे. पण याला मधोमध भोक आहे. इथल्या सुताराकडून बुजवून घेऊ का?” मी म्हणालो, “दादा, ती पाळण्याच्या कडीची जागा.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “राहू दे तसंच.” अखेरीस ठेकेदाराच्या पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

उस्ताद २०२२ साली गेले. बेअरिंगे ओतण्याची कृती त्यांनी सांगितली तशी मी वहीत लिहून ठेवली आहे. काडी किती करपावी हे मात्र लिहिता आले नाही, म्हणून करपलेली ती काडीच वहीच्या पानाला चिकटवून ठेवली आहे. जुना चौकोनी रूळ पागेतल्या फळीवर आहे. नातू सुटीत आला की विचारतो, हा का लावत नाही, हा तर खरा आहे ना? मी त्याला यंत्र बंद करून, खटका काढून, चावी खिशात घालून तो रूळ हातात देतो आणि त्याच्या सपाट बाजूवर बोट ठेवायला सांगतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गावी, पडवीत असे काही जुने यंत्र पडले असेल; शिवणाचे, छापखान्याचे, लाकडाचे. ते काट्यावर घालण्याआधी, किंवा माझ्यासारखे हौसेने उभे करण्याआधीही, ते ज्याने चालवले असा एखादा वृद्ध हात जवळपास आहे का, याचा शोध घ्यावा अशी विनंती आहे. असल्यास त्याला चहाला बोलवावे, आणि तो बोलू लागला तर मध्ये बोलू नये.